वाकळांची झडती

चूक माझी होती, हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. नाहीतर लिहिता लिहिता हात जुनं वळण घेईल आणि 'सदर इसमाच्या हालचाली संशयास्पद वाटल्याने' असं काहीतरी कागदावर उमटेल. नोकरीत बत्तीस वर्षं तसंच लिहीत आलो. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी ती घटना मला सोडत नाही. गोरगरीब बायकांनी जुनी लुगडी जोडून हातानं शिवलेल्या तेवीस वाकळा मी उसवायला लावल्या. पहिल्या नऊ उसवताना मला शंका होती. उरलेल्या चौदा उसवताना शंका नव्हती. त्यांत काही नाही हे मला पक्कं माहीत होतं.

नावं कोणाचीच देत नाही. ते लोक एकदा चर्चेत आले, तेवढं त्यांना पुरे झालं.

मी तेव्हा सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागातल्या एका छोट्या ठाण्याचा प्रभारी होतो. हुद्दा सहायक पोलीस निरीक्षक. बदली होऊन चार महिने झाले होते. मी मूळचा कोकणातला. बाभळी, माळ आणि मेंढरांचे कळप असा तो कोरडा मुलूख मला परका होता. ठाण्याचं काम ठरावीक होतं. सकाळची हजेरी, ड्युटीचं वाटप, समन्स-वॉरंट, बांधावरून भांडणारे भाऊ, चोरीला गेलेले बोकड. बोकडाची तक्रार घेताना कानाची खूण विचारायची असते, हे मला तिथल्या एका जुन्या हवालदारांनी शिकवलं. ते त्याच भागातले, धनगर घरातले, वर्षभरात निवृत्त होणार होते. मी चुकत असलो की ते थेट बोलत नसत. आधी टोपी काढून डोकं खाजवत.

त्या घटनेच्या आधीच्या महिन्यात एका खबऱ्यानं गांजाच्या गाडीची टीप दिली होती. मी ती हलक्यानं घेतली. गाडी माझ्या हद्दीतून निघून गेली आणि पुढच्या ठाण्यानं पकडली. मला मेमो मिळाला. त्यामुळे त्याच खबऱ्याचा पुन्हा फोन आला तेव्हा मी खुर्चीत सरळ बसलो.

"साहेब, या बारीला तरी ऐका. माणमधनं टेम्पो निघतोय मिरजंला. वाकळा हायत त्यात. वाकळंच्या कोपऱ्यात माल शिवलाय."

"तू पाहिलंस?"

"ह्या डोळ्यानं. देवळाच्या ओवरीत बायका बसत्यात शिवायला. समदी वाकळ हुईस्तोवर नुसता कलकलाट. मग एक कोपरा उगडा ठेवत्यात, आत पुडी सारत्यात, आन् टाका घालत्यात. तवर एक बाई तोंड उगडत न्हाई. चांगल्या कामाला मानूस गप कशाला बसंल? तुमीच सांगा."

तो खोटं बोलत नव्हता, हे मी आज त्याच्या बाजूनं लिहितो. त्यानं दिसलं ते सांगितलं. दिसलं त्याचा अर्थ लावणं हे पगार घेणाऱ्याचं काम, आणि पगार मी घेत होतो.

माहिती स्टेशन डायरीला नोंदवली, वरिष्ठांना फोनवर कळवली, दोन पंच बोलावले. एक चहाच्या टपरीचा मालक, दुसरा ट्रॅक्टर दुरुस्त करणारा. गुरुवारी सकाळी दिघंचीकडून येणाऱ्या रस्त्यावर नाकाबंदी लावली. अकराच्या सुमारास टेम्पो आला.

चालवणारा साठी ओलांडलेला पिंजारी होता. पूर्वी गावोगाव कापूस पिंजून गाद्या भरून द्यायचा, कारखान्याच्या गाद्या आल्यावर त्यानं टेम्पो घेतला. सगळे त्याला चाचा म्हणत. शेजारी पन्नाशीची एक धनगर बाई बसली होती. तिला गाव आक्का म्हणायचं.

"मागे काय आहे?" मी विचारलं.

"वाकळा हायत साहेब, दवाखान्याच्या," चाचा म्हणाला.

"कुठल्या दवाखान्याच्या?"

आक्का वाकून पुढे आली. "आवं, दवाखान्याच्या न्हवं, दवाखान्यापायी. आमी गावच्या बायका शिवतो. मिरजंत एक बाई घेती आन् शहरात इकती. आलेल्या पैशात गावातल्या आजाऱ्याचं दवापानी हुतं. बगा की उलगडून. पन तेवढं मातीत टाकू नगा, कडंला पांढरं कापड हाय."

खरी हकीकत तिनं दोन वाक्यांत सांगून टाकली होती. पुरुष मुंबईला, मोठे दवाखाने मिरजेला, आणि मध्ये तीन तासांचा रस्ता, असं ते गाव. एका बाळंतिणीला वेळेत नेता आलं नाही तेव्हा बायकांनी हे सुरू केलं. घरोघरची जुनी लुगडी गोळा करायची, शनिवारी देवळात बसून शिवायचं, आणि गोळा झालेला पैसा आधी कोणासाठी वापरायचा ते बायकांनीच ठरवायचं. चाचाच्या बायकोच्या डोळ्याचं ऑपरेशन त्यातूनच झालं होतं. म्हणून तो वाकळांचं भाडं घेत नसे. हे सगळं मला नंतर, विचारपूस करताना कळलं. त्या सकाळी मी फक्त कोपरे चाचपत होतो.

कोपऱ्यात गाठ लागत होती. प्रत्येक वाकळेच्या.

पंचांसमोर पहिला कोपरा कातरला. चिंधीत गुंडाळलेला तपकिरी, कोरडा चुरा निघाला. दुसऱ्यात चिमूटभर ज्वारी. तिसऱ्यात काळपट चिकट खडा. मी चाचाला विचारलं, हे काय आहे?

"भाकर हाय साहेब."

"आणि ही ज्वारी? हा खडा?"

"ती बी भाकरच की," तो गोंधळून म्हणाला. "म्हंजे, धरून चाला. कुनी भाकर घालतं, कुनी दानं, आमच्या घरात गूळ घालत्यात."

जबाब बदलतोय, अशी मी मनात नोंद केली. चाचाला माझ्या चेहऱ्यावर ते दिसलं असावं. त्यानं बॉनेटवरच्या चुऱ्यातला एक तुकडा उचलला, "खाऊन दावतो, झालं?" म्हणत तोंडात टाकला आणि चावायला लागला. मी त्याचं मनगट पिरगाळलं आणि ओरडलो, "पुरावा नष्ट करतोस?"

टपरीवाला पंच हसला. हवालदारांनी टोपी काढून डोकं खाजवलं. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "साहेब, ह्या भागात वाकळ उपाशी देत न्हाईत. शेवटचा टाका घालायच्या आदी तिच्या पोटात घास ठेवत्यात, म्हंजे पांघरनाऱ्याला कवा अन्न कमी पडत न्हाई. तो घास पडताना बोलायचं नसतं. माजी आई बी असंच करायची."

आमच्याजवळच्या अमली पदार्थ तपासणी संचानंही काही दाखवलं नाही. तिथंच पंचनामा बंद करून हात जोडले असते तर अर्ध्या तासात सगळं मिटलं असतं. पण रस्त्यावर वीस-पंचवीस माणसं जमली होती, आणि भाकरी पकडणारा फौजदार म्हणून हसं करून घ्यायची माझी तयारी नव्हती. मी म्हणालो, "भाकरी दाखवायला ठेवतात. माल दुसऱ्या कुठल्यातरी वाकळेत असेल." रस्त्याच्या कडेला नऊ वाकळा उसवल्या. मग उरलेल्या वाकळा, टेम्पो आणि ती दोघं, सगळं ठाण्यात आणलं.

दोघांना वेगवेगळं बसवून विचारपूस केली. इतक्या वर्षांत माझ्या एक लक्षात आलं आहे. सराईत माणूस पहिल्या तासात शांत असतो, एकच गोष्ट एकाच क्रमानं सांगतो. निरपराध माणूस फार बोलतो, मागचं पुढं करतो, विचारलं नाही तेही सांगतो. चाचा तसाच बोलत होता. गुळाचं सांगता सांगता बायकोच्या डोळ्यावर गेला, तिथून टेम्पोच्या टायरवर. मला हे तेव्हाही कळत होतं.

आक्कानं एकच गोष्ट धरून ठेवली होती.

"साहेब, वाकळा र्‍हाऊ द्या बाजूला. आमाला तुरुंगात घाला. पन टेम्पो सोडा. माज्या जावंला उद्या मिरजंला न्यायची हाय. मेंढरामागं फिरताना पायात काटा मोडला तिच्या. साखर हाय अंगात, कुनाला ठावं न्हवतं. अंगठा काळा पडलाय. ऑपरेशनचं डॉक्टर तितं शुक्रवारीच येत्यात. अंगठ्यावर भागंल म्हनाल्यात, लांबलं तर सांगता येत न्हाई. वाकळा दिऊन पैसं घ्यायचं आन् उद्या तिला भरती करायचं, असं ठरलं हुतं."

"कायद्याप्रमाणे होईल," मी म्हणालो.

"कायद्याला कवा सवड हाय?" तिनं विचारलं.

सूर्यास्तानंतर बाईमाणसाला ठाण्यात ठेवता येत नाही, म्हणून तिला संध्याकाळच्या एसटीत बसवून दिलं. चाचाला ठेवून घेतलं. अटक दाखवली नाही, दाखवायला काही नव्हतंच. डायरीत 'घरी सोडले' अशी नोंद केली, आणि तो व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिला. पोलीस खात्यात याला 'बसवून ठेवणं' म्हणतात. त्याला कुठलंही कलम नाही.

शुक्रवारी सकाळी शेजारच्या ठाण्याला कळवून मी हवालदारांसह त्या गावात गेलो. माल कुठे भरला जातो ते पाहायचं होतं. देवळाच्या ओवरीत शिवणाचा वार नसतानाही आठ-दहा बायका बसल्या होत्या. टेम्पो अडकला म्हणून त्यांनी शिल्लक चिंध्या जोडून घाईनं आणखी एक वाकळ उभी केली होती. मी येताना दिसलो तरी त्या उठल्या नाहीत. बहुतेक उठण्यासारख्या टप्प्यावर नव्हत्या.

मध्ये बाजेवर एक चाळिशीची बाई पाय लांब करून बसली होती. पायाला फडकं गुंडाळलेलं. वास दहा पावलांवर येत होता. शेवटचा कोपरा तिच्याकडे होता, कारण गावात तिचा टाका सर्वांत बारीक. कोणीतरी तिच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. बोलणं थांबलं. तिनं तो तुकडा चिंधीत गुंडाळला, आत सारला, सात-आठ टाके घातले आणि दोरा दातानं तोडला. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या.

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "साहेब, टेम्पो कवा सोडताय? आज माजा नंबर हाय."

तेव्हा घड्याळात दहा वाजले होते. त्या क्षणी ठाण्याला फोन करून चाचाला मोकळं केलं असतं, तर दुपारी ती मिरजेत पोचली असती. हवालदार माझ्याकडे बघत उभे होते. मी म्हणालो, "बघतो," आणि जीपमध्ये बसलो.

वाटेत वरिष्ठांचा फोन आला. पंचांपैकी कोणीतरी फोटो काढून गावोगावच्या ग्रुपवर टाकला होता, 'वाकळांमधून गांजाची तस्करी?' असं लिहून. वरिष्ठांनी विचारलं, "किती माल मिळाला?" मी उत्तर दिलं, "झडती चालू आहे सर."

एकदा हे बोलून गेल्यावर झडती चालू ठेवणं भाग होतं. ठाण्यात येऊन मी उरलेल्या चौदा वाकळा उसवायचा हुकूम दिला. कोपरेच नाही, पूर्ण. हवालदार म्हणाले, "साहेब, मला दुसरं काम द्या. ह्याच्यावर माजा हात चालनार न्हाई." मी त्यांना समन्स बजावायला पाठवलं. दोन शिपायांनी दुपारभर कैच्या चालवल्या. लुगड्यांचे थर सुटे होत गेले. हिरवं, जांभळं, विटकं, ठिगळ लावलेलं. व्हरांड्यातून चाचाला ते दिसत होतं. तो एकदाच बोलला, "साहेब, ते जांभळं लुगडं जपून. आक्काच्या मयत लेकीचं हाय." ती बाळंतीण कोण, हे मला तेव्हा समजलं. कैच्या मी तरीही थांबवल्या नाहीत.

चुऱ्याचे नमुने लाखेचं सील करून तपासणीला पाठवले. सोमवारी वरूनच प्रश्न आला, काही निष्पन्न होत नाही तर प्रकरण लांबवता कशाला? तेव्हा चाचा, टेम्पो आणि वाकळा सोडल्या. मध्ये चार दिवस गेले होते. फोटो सगळीकडे फिरल्यामुळे त्या गावातून दुसरा एकही गाडीवाला भाडं घ्यायला तयार नव्हता. रुग्णवाहिका बोलावली तर मागोमाग पुन्हा पोलीस येतील, अशी लोकांना भीती वाटत होती.

मुद्देमालाच्या पावतीवर आक्कानं अंगठा केला. मग ठाण्याच्या अंगणात बसून एकेक थर जुळवून, घड्या घालून बांधला. तासभर लागला. मी खिडकीतून बघत होतो. जाताना ती दारात थांबली.

"उसवायला कैची लागती साहेब. शिवायला डोळं लागत्यात," म्हणाली, आणि गेली.

कागदोपत्री प्रकरण मिटलं. मला मेमो नाही, विचारणा नाही. सात महिन्यांनी हवालदारांचा निरोप समारंभ झाला. हार-नारळ झाल्यावर ते माझ्याजवळ येऊन म्हणाले, "त्या बाईचा पाय गेला साहेब, गुडघ्याखालनं. तुमाला म्हाईत असावं म्हनून सांगितलं." एवढं बोलून ते पाहुण्यांकडे वळले.

यापुढचं लिहायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. त्यानंतर अनेक वर्षं मी ही घटना विनोद म्हणून सांगत असे. बदलीच्या पार्टीत, प्रशिक्षणाच्या वर्गात, लग्नाच्या पंगतीत. 'मी भाकरी पकडली ती गोष्ट.' म्हातारा पुरावा खातो तिथं लोक हमखास हसायचे. गोष्ट मी तिथंच संपवायचो. ओवरी, बाज, पाय यांतलं काही तिच्यात नसायचं. पाय गेल्याचं कळल्यानंतरही मी ती तशीच सांगत राहिलो.

निवृत्तीनंतर एकदा घरी पाहुणे आले असताना कोणीतरी तीच गोष्ट सांगायचा आग्रह केला. मी सांगितली, सगळे हसले. पाहुणे गेल्यावर भांडी आवरताना बायको म्हणाली, "दहा वेळा ऐकली ही गोष्ट. पण ते लोक त्या वाकळा विकत कशाला होते, हे तुम्ही कधी सांगितलंच नाही." मी तिला सांगितलं. शेवटपर्यंत सांगितलं. तिनं हातातलं ताट ओट्यावर ठेवलं. मग म्हणाली, "हे मला सांगून काय उपयोग?"

या प्रकरणानं काय शिकवलं, असं विचाराल तर मोठं काही नाही. चुकीची माहिती येते, चुकीची झडती होते, ते पोलिसाच्या नशिबात आहे. चूक कळल्याच्या क्षणी थांबायचं असतं. तो क्षण फार लहान असतो. तो गेला की पुढचं प्रत्येक पाऊल आधीचं पाऊल झाकायला टाकलं जातं, आणि त्याची किंमत आपण सोडून दुसरंच कोणीतरी भरतं. दुसरं असं, की स्थानिक माणूस डोकं खाजवतो तेव्हा त्याला विचारावं.

मागच्या हिवाळ्यात मी त्या गावाला गेलो. एसटीनं गेलो. ती बाई घराच्या पडवीत शिवत बसली होती. कृत्रिम पाय भिंतीला टेकवून ठेवला होता. केस पांढरे झाले होते. मला तिनं लगेच ओळखलं.

"साहेब व्हय? म्हातारं झालासा की."

मी वाटेत जुळवलेलं बोलायला सुरुवात केली. त्या वेळची परिस्थिती, कर्तव्य, अनवधान. तिनं सुई थांबवली.

"आवं, हे काय वाचून दावताय? कशाला आलाय ते सांगा."

"माफी मागायला आलोय."

तिनं सुई कापडात खोचून ठेवली. "मला एकलीला मागून काय उपेग? आळ घेतला तवा भर रस्त्यात घेतला. माफी पडवीत व्हय?" आणि आत बघून हाक मारली, "आक्का! आवं आक्का! बायकास्नी बलवा. चाचास्नी बी बलवा."

देवळासमोर पंचवीस-तीस माणसं जमली. आक्का आता वाकली होती. चाचाला नातवानं हात धरून आणलं. ती बाई पाय बांधून, कुबडी न घेता चालत आली आणि पुढे बसली. कोणी मला बसा म्हटलं नाही. गणवेशात हजारोंच्या जमावापुढे उभा राहिलो आहे, पण असा कधी उभा राहिलो नव्हतो.

मी म्हणालो, "त्या शुक्रवारी दहा वाजता, इथंच, तुमच्या वाकळांत भाकरी आहे हे मला कळलं होतं. तरी मी टेम्पो सोडला नाही. चाचांना खोटी नोंद करून बसवून ठेवलं. काही नाही हे माहीत असताना चौदा वाकळा उसवल्या, कारण मला माझी लाज राखायची होती. या बाईंचा पाय माझ्यामुळे गेला. आणि त्यावर मी इतकी वर्षं लोकांना हसवलं. मला माफ करा."